छापायला मुभा, वाटायला मनाई

18 एप्रिल 2020 ला महाराष्ट्र सरकारने टाळेबंदीचा सुधारित आदेश काढला. त्यात छापील माध्यमांना 20 एप्रिलपासून सूट होती आणि लगेच पुढे घरोघरी अंक टाकायला मनाई होती. कागद आणा, पानं लावा, मशीन चालवा, गठ्ठे बांधा. पुढे ते कुठे न्यायचे ते तुमचं तुम्ही बघा. मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत वितरणाचं काम बघत होतो. दैनिकाचं नाव देत नाही. त्या महिन्यात सगळ्यांचीच गत थोड्याफार फरकाने तशीच होती.

पेपरचा धंदा कोविडने बुडवला असं आमच्या क्षेत्रात सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. जाहिराती आटल्या, खप पडला, हे खरंच आहे. पण त्या काही महिन्यांत आणखी एक गोष्ट उघडी पडली: आमचा वाचक कोण, हे आम्हाला माहीतच नव्हतं. ज्याला माहीत होतं, तो आमच्या पगारपत्रकावर नव्हता.

अण्णांची वही

ज्यांनी पेपरचं काम आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी रात्रीचा क्रम सांगतो. लांबच्या तालुक्यांची डाक आवृत्ती साडेअकराच्या सुमाराला सुटते. शहराचं पान एक-दीडपर्यंत ताटकळतं, कारण संपादकीय विभागाला कुठल्या तरी अपघाताचा शेवटचा आकडा हवा असतो आणि वितरणवाल्यांना गाडी वेळेत सुटायला हवी असते. या दोन विभागांचं भांडण पेपरइतकंच जुनं आहे. मग भाड्याच्या गाड्या गठ्ठे घेऊन निघतात. आडवळणाच्या गावांचं पार्सल पहाटेच्या एसटीत कंडक्टरच्या ताब्यात द्यायचं आणि तिथल्या एजंटाने थांब्यावर येऊन ते उतरवून घ्यायचं.

चारच्या सुमाराला शहरातले विक्रेते स्टँडजवळच्या बंद दुकानांच्या ओट्यांवर पोती अंथरून बसतात. मुख्य अंकात पुरवण्या भरायच्या, त्यातच एखाद्या क्लासचं नाहीतर नव्या हॉटेलचं पत्रक टाकायचं (त्याचे सुटे पैसे विक्रेत्याला मिळतात, आणि ते त्याच्या हिशेबात बरेच महत्त्वाचे असतात), मग पोरांच्या पिशव्या लावून द्यायच्या. साडेपाचला पोरं सायकली काढतात.

आमच्याकडे एक जुने विक्रेते होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या काखेत एक लांबट वही असायची, पुठ्ठा निघून आलेला, वरून दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक लावलेलं. एकेका बिल्डिंगला एकेक पान. फ्लॅटच्या नंबरापुढे पेपरांची आद्याक्षरं. आणि समासात शेरे: "रविवारी दोन", "5 ते 12 गावाला", "कुत्रा आहे, गेटात टाकणे", "आजी गेल्या, इंग्रजी बंद". कोण किती तारखेला बिल देतं, कोण तीन महिने थकवतं, कुणाकडे सून आल्यापासून पाककृतींची पुरवणी मागतात, हे सगळं त्या वहीत होतं. कंपनीच्या संगणकात अण्णांच्या नावापुढे एकच आकडा होता: रोजचे अंक किती.

टाळेबंदीच्या आदल्या वर्षी वरून फर्मान आलं की विक्रेत्यांकडून ग्राहकांच्या याद्या मिळवा. मी अण्णांना विचारलं. ते हसले.

"साहेब, यादी तुमच्याकडे गेली की तुम्ही मला कशाला विचाराल?"

"अहो अण्णा, योजना तुमच्याच ग्राहकांसाठी आहे."

"मागच्या योजनेत लोकांनी कुपनं चिकटवून नाव, पत्ता, फोन सगळं लिहून दिलं होतं. त्याचं काय केलंत?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण देता आलं नाही. बक्षिसांची सोडत झाल्यावर ती भरलेली कुपनपत्रकं खोक्यांत पडून होती आणि गोदाम रिकामं करताना रद्दीत गेली होती. हजारो वाचकांनी स्वहस्ते लिहून दिलेले फोन नंबर आम्ही किलोच्या भावाने विकले.

पैशाचं गणित

हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात. सोळा पानांचा अंक साधारण 65 ग्रॅम भरतो. 2020 च्या सुरुवातीला आयात कागद किलोला 35 रुपयांच्या आसपास धरला, तर एका अंकाला सव्वादोन रुपयांचा नुसता कागद. अंकाची किंमत पाच रुपये. त्यातून विक्रेत्याचं कमिशन सुमारे तीस टक्के धरलं तर कंपनीच्या हातात साडेतीन. उरलेल्या सव्वा रुपयात शाई, प्लेटा, वीज, गाडीभाडं, बातमीदार, उपसंपादक आणि मालकाची मोटार. ते बसत नाही, कधीच बसत नव्हतं. फरक जाहिरात भरून काढते. त्यामुळे जाहिरात नसलेल्या दिवशी खप वाढला तर तोटाही वाढतो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

आता कॅलेंडर बघा. टाळेबंदी लागली 24 मार्चच्या मध्यरात्री. 25 मार्चला गुढीपाडवा होता. सराफ, गाड्यांचे शोरूम, बिल्डर, टीव्ही-फ्रिजची दुकानं यांच्या जाहिरातींनी पाडव्याचा अंक हातात जड लागतो, आणि जाहिरात विभागाचं वर्षाचं टार्गेट त्या एका आठवड्यात पुरं होतं किंवा हुकतं. त्या वर्षी सगळं रद्द. शिवाय मार्चअखेर, म्हणजे वर्षभराची थकबाकी गोळा करायचे दिवस, आणि बाहेर पडायला बंदी. कोर्टं जवळजवळ थांबलेली, नोंदणी कार्यालयं बंद, त्यामुळे वकिलांच्या जाहीर नोटिसा नाहीत. लग्नं नाहीत, शाळांचे प्रवेश नाहीत, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना होर्डिंगही नाही आणि पानही नाही. महिनाभराने अक्षय्य तृतीया आली, तीही कोरडीच गेली. आमचा अंक आठ पानांवर आला, आणि त्या आठांतही रिकाम्या जागा भरायला आमच्याच जाहिराती: "वृत्तपत्र सुरक्षित आहे."

पीडीएफ

मुंबईत 23 मार्चपासून अंकच निघाले नाहीत. तिथे सरकारने बंदी घातली नव्हती. विक्रेत्यांनीच अंक उचलायला नकार दिला होता. एप्रिल उजाडेपर्यंत मुंबईकराला कागदावर पेपर मिळाला नाही. आमच्याकडे छपाई चालू राहिली, पण एसटी थांबली तशी आडगावांची पार्सलं थांबली, आणि शहरातही पोरं येईनाशी झाली. पोरं म्हणजे बहुतेक कॉलेजात शिकणारी, खोली घेऊन राहणारी. ती मिळेल त्या वाहनाने गावी निघून गेली होती.

मग एका संध्याकाळी वरिष्ठांनी ठरवलं की अंकाची पीडीएफ करून मोबाइलवर पाठवायची. डिझाइनच्या मुलांनी फाइल हलकी केली. सगळं तयार झाल्यावर कुणीतरी विचारलं, पाठवायची कुणाला?

खोलीत कुणालाच उत्तर येईना. वर्षानुवर्षं रोज ज्यांच्या दारात आम्ही जात होतो त्यांच्यापैकी एकाचाही नंबर कंपनीकडे नव्हता. शेवटी बातमीदारांनी आपापल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फाइल टाकली. नगरसेवकांचे ग्रुप, शाळेच्या बॅचचे ग्रुप, सोसायट्यांचे ग्रुप. आठवड्याभरात अशी स्थिती आली की सकाळी सहाला कुणीतरी भला माणूस मराठीतली सगळी दैनिकं एका दमात ग्रुपवर टाकायचा. वाचक खूश. पेपर फुकट, आणि तेही सगळे.

जाहिरात विभागाने विचारलं, पीडीएफ किती लोक वाचतात? सांगता येईना. मोजायची सोयच केलेली नव्हती. एका स्थानिक दुकानदाराने आमच्या माणसाला फोनवर विचारलं, "किती जणांपर्यंत जातो ते माहीत नाही, मग दर कशाचा लावताय?" त्याचं काय चुकलं?

थोड्याच आठवड्यांत सूर बदलला. ज्या पीडीएफ आम्हीच सोडल्या होत्या त्या फिरवणं बेकायदा आहे, ग्रुपचा अॅडमिन जबाबदार धरला जाईल, अशा सूचना वृत्तपत्रांतूनच छापून येऊ लागल्या. मे अखेरीस 'दैनिक जागरण' हे हिंदी दैनिक काढणाऱ्या जागरण समूहाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला ई-पेपर फिरवणारी चॅनेलं 48 तासांत काढायला सांगितलं. कायद्याने ते बरोबरच होतं. पण ज्याला दोन महिने रोज फुकट वाढलं, त्याच्या हातात अचानक बिल दिलं तर तो काय म्हणेल, हे सांगायला न्यायालयाची गरज नाही.

आदेश आणि न्यायालय

18 एप्रिलच्या आदेशाची एक गंमत अशी की तो काढणाऱ्या सरकारच्या प्रमुखाच्या घरातच दैनिक होतं. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होईपर्यंत 'सामना'चे संपादक होते. तेव्हा पेपर घरात कसा पोचतो हे सरकारला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. कागदावरून विषाणू घरात येईल ही लोकांची भीती मात्र खरी होती. त्याच सुमारास मुंबईत पत्रकारांची तपासणी झाली; पहिल्या अहवालात 171 पैकी 53 जण बाधित निघाले. ही माणसं रस्त्यावर फिरून बातम्या देणारी होती, त्याचा अंकाच्या कागदाशी संबंध नव्हता, पण लोकांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एक झाल्या.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, नागपूर खंडपीठात पत्रकार संघटना गेल्या. मला या वेळी पुण्याचा एक जुना खटला आठवत होता. केंद्राने 1960 साली पानं आणि किंमत यांची सांगड घालणारा आदेश काढला होता: अमुक किमतीला अमुकच पानं. 'सकाळ'ने त्याला आव्हान दिलं, आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश आणि त्यामागचा कायदा रद्दबातल ठरवला. मत मांडण्याच्या स्वातंत्र्यात ते लोकांपर्यंत पोचवणं आणि किती जणांपर्यंत पोचवायचं ते ठरवणंही येतं, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. त्याहून आधी, 1950 मध्ये, मद्रासच्या एका खटल्यातही हेच आलं होतं. म्हणजे वाटपाशिवाय छपाईला अर्थ नाही, हे आपल्या देशात कायद्याने केव्हाच मान्य झालेलं आहे. गंमत एवढीच की कायद्याला जे कळलं ते आमच्या धंद्याला हिशेबात धरता आलं नाही. संपादक अग्रलेखात वाटपाच्या हक्कासाठी भांडत होते आणि आमचं खातं वाटप करणाऱ्या माणसाकडे थकबाकी मागत होतं.

21 एप्रिलला सरकारने आदेश बदलला. मुंबई आणि पुणे महानगर प्रदेश आणि प्रतिबंधित क्षेत्रं सोडून बाकी राज्यात घरपोच वाटपाला मोकळीक मिळाली. महानगरांत त्यासाठी जून उजाडावा लागला. आमचा जिल्हा लगेच सुटला. ऑफिसात पेढे वाटले नाहीत एवढंच.

पण पेपर घरात परत गेला नाही. सोसायट्यांच्या गेटवर अध्यक्षांच्या सहीचे कागद लागले होते: दूध, भाजी, औषधं गेटवर मिळतील, पेपरवाला, मोलकरीण आणि इस्त्रीवाला यांना प्रवेश नाही. त्या कागदाविरुद्ध कुठल्या खंडपीठाकडे जाणार?

मार्चचं बिल

आता पुन्हा अण्णांकडे. विक्रेता महिनाभर अंक उचलतो आणि पुढच्या महिन्याच्या एक ते दहा तारखेला घरोघरी फिरून पैसे गोळा करतो. मार्चचं बिल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोळा व्हायचं. त्या आठवड्यात बाहेर पडणाऱ्याला पोलीस काठी दाखवत होते. अण्णांच्या वहीतलं एकही बिल आलं नाही. कंपनीने मात्र मार्चच्या अंकांचे पैसे मागितले, आणि ते न आल्यावर अनामत रकमेतून वळते करू असं पत्र धाडलं. ते पत्र माझ्या सहीने गेलं.

अण्णांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "साहेब, उद्यापासून निम्मे अंक कापा." पुढच्या महिन्यात आणखी कापले. दिवाळीपर्यंत त्यांनी काम सोडलं. पूर्वी पेपरच्या लाइनला, म्हणजे बांधलेल्या घरांना पेपर टाकायच्या हक्काला, किंमत होती; सोडताना दुसऱ्याला विकली तर चार पैसे हातात यायचे, मुलीच्या लग्नाला नाहीतर घराच्या दुरुस्तीला उपयोगी पडायचे. अण्णांची लाइन घ्यायला कुणी पुढे आलं नाही. दोन पेपर घेणारी घरं एकावर आली होती, एक घेणारी "सध्या नको" म्हणत होती.

तालुक्याच्या वार्ताहरांचं दुखणं वेगळं, पण त्याच मुळाचं. या माणसाला मानधन नावापुरतं असतं. त्याची खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची: सरपंचाचा वाढदिवस, पतसंस्थेची वार्षिक सभा, 15 ऑगस्टच्या शुभेच्छा. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याकडूनच जाहिरात आणायची, ही व्यवस्था मुळातच वाकडी आहे, आणि कुणी संपादक ती जाहीरपणे मान्य करत नाही. टाळेबंदीत कमिशन शून्यावर आलं आणि काम दुप्पट झालं. ग्रामीण रुग्णालयात खाटा किती, कुठल्या गावाची सीमा बंद, रेशनचं धान्य कुठे आलं नाही, हे सगळं तोच मोटारसायकलवर फिरून पाठवत होता. आमच्या एका वार्ताहराने त्या काळात भाजीची गाडी लावली आणि गाडीवर बसूनच मोबाइलवर बातम्या टाइप केल्या. त्या वर्षभरातल्या सगळ्यात नेमक्या बातम्या त्याच्याच होत्या.

मोठ्या शहरांत नोकऱ्या गेल्या. पगारकपात आणि नोकरकपातीविरुद्ध पत्रकार संघटना, त्यांत बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नालिस्ट्सही, एप्रिलमध्येच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुण्यातला 'सकाळ टाइम्स' बंद झाला, डिसेंबरात 'पुणे मिरर' बंद आणि 'मुंबई मिरर' साप्ताहिक झाल्याचं जाहीर झालं. अर्थात 'डीएनए' या इंग्रजी दैनिकाची मुंबईतली छपाई ऑक्टोबर 2019 मध्येच थांबली होती, तेव्हा कोविडचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. फिक्की ही उद्योगसंघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी यांच्या अहवालानुसार देशातल्या छापील माध्यमांची उलाढाल 2019 मधल्या 29,600 कोटींवरून 2020 मध्ये 19,000 कोटींवर आली. 2023 मध्येही ती 26,000 कोटींच्या आसपासच होती. मधल्या काळात कागदाने कंबरडं मोडलं. 2022 मध्ये आयात कागद टनाला हजार डॉलरच्या घरात गेला, त्यात रशियाकडून येणारा पुरवठा युद्धाने अडला. वर मांडलेल्या गणितात त्या वर्षासाठी 65 ग्रॅमला पाच रुपये घाला. 2021-22 च्या हिवाळ्यात एसटीचा संप झाला आणि आडगावांची पार्सलं दुसऱ्यांदा बंद पडली.

काय करता आलं असतं

पीडीएफच्या त्या बैठकीत आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं होतं की फाइल ग्रुपवर न टाकता विक्रेत्यांमार्फत द्यावी. अण्णांच्या नावाची एक लिंक करायची, ती त्यांनी आपल्या ग्राहकांना पाठवायची, उघडताना वाचकाने नाव आणि नंबर टाकायचा. अण्णांना अर्धं का होईना कमिशन चालू, कंपनीला यादी मिळते, आणि जाहिरातदाराला दाखवायला आकडा. "विक्रेत्यांना त्यातलं काय कळतं?" असं म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं. वस्तुस्थिती अशी की अण्णा तेव्हाही बिलाच्या आठवणी व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट करून पाठवत असत. कंपनीत तेवढी यादी कुणाकडेच नव्हती.

एवढ्याने पेपर तरला असता असा माझा दावा नाही. स्थानिक दुकानदार फेसबुकवर पाचशे रुपयांत आपल्याच गल्लीतल्या लोकांना जाहिरात दाखवतो, तो पैसा विक्रेत्याच्या वहीने परत आला नसता. ई-पेपरची वर्गणी छापील अंकाच्या तोट्याची भरपाई करत नाही, हेही खरं. पण सध्या जिल्हा आवृत्त्यांत डिजिटल वर्गणीदार मिळवायला जो खर्च चालला आहे, तो ज्या माणसांना शोधण्यासाठी चालला आहे त्यांतली बरीचशी आमचीच जुनी घरं आहेत. त्यांना आम्ही नव्याने गाठतोय, आणि मध्ये दुसऱ्याच कंपनीला पैसे देतोय. याला काही धंदा म्हणता येत नाही. शिवाय मार्चची वसुली तीन महिने थांबवली असती तर त्याचा बोजा कंपनीच्या कागदाच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा कमी होता. तो हिशेब मी तेव्हा मांडून वर दिला होता. त्यावर "पाहिले" एवढा शेरा येऊन कागद परत आला.

मी ते काम सोडल्यावर तिथे जुने ग्राहक पुन्हा जोडण्याची मोहीम सुरू झाली. फोनवर बोलणारी मुलं नेमली गेली, आणि नंबर हवेत म्हणून त्यांना जुन्या विक्रेत्यांची यादी देण्यात आली. अण्णांच्या घरी फोन गेला तेव्हा मुलाने उचलला. तो आता त्याच भागात दुधाची लाइन चालवतो आणि वही त्याच्याकडेच आहे. त्याने विचारलं, एका नावामागे किती देणार? कंपनीने पहिल्या वर्षाच्या वर्गणीतले दहा टक्के सांगितले. त्याने पंचवीस मागितले आहेत.